दुर्बीण नाही, खांब कलतोय

काल मी लिहिलं होतं की दुर्बिणीचं सॉफ्टवेअर बिघडलंय. ते चुकीचं होतं.

रोज संध्याकाळी मी दोन ठरलेले तारे बरोबर मध्यभागी आणते. नेम किती चुकला ते सॉफ्टवेअर मोजतं आणि पुढे तेवढी दुरुस्ती करून दुर्बीण वळवतं.

आज जुने आकडे पाहिले. तलासरीतल्या प्रत्येक भूकंपाच्या धक्क्यानंतर दुरुस्ती वाढलीय, तीही एकाच दिशेला. म्हणजे गच्चीवरचा दुर्बिणीचा खांब कलतोय. तो आईच्या खोलीच्या भिंतीवर उभा आहे.

हे सगळं मला शिकवणारे बाबा म्हणाले, "तारा सापडतोय ना? मग आईला कशाला घाबरवतेस?"

सापडतो, कारण सॉफ्टवेअर कल सांभाळून घेतं. भिंत कोण सांभाळणार?

आई वरोरला मावशीकडे आहे. ती परतायच्या आत मी तिचं अंथरूण धक्क्यांमुळे अंगणात ठोकलेल्या तंबूत हलवणार आहे, शुक्रवारी सकाळी.