मेन्यूतला आंबेमोहर

शनिवारच्या जेवणाचा मेन्यू मी गुरुवारी सकाळी लिहायला घेते. मुठा खोऱ्यातल्या या बंगल्याचे मालक पुण्यात राहतात आणि शनिवार-रविवारी पाहुणे घेऊन इथं येतात. मी त्यांची स्वयंपाकीण. त्यांच्या भाषेत शेफ. आठवडाभर मागच्या खोलीत एकटीच असते. मेन्यू फोनवर पाठवला की मॅडम दोन पदार्थ बदलतात, त्यातला एक पुन्हा आधीचाच करतात, आणि खाली लिहितात, "थोडं लोकल काहीतरी हवं." लोकल म्हणजे नक्की काय, हे मला अजून उमगलेलं नाही. पिठलं साध्या वाटीत दिलं तर ते फारच साधं होतं. तेच काळ्या दगडी वाडग्यात दिलं, की सगळे फोटो काढतात.

मागच्या हिवाळ्यात मला ताप आला. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. लसूण करपला तरी कळेना, दूध नासलं तरी कळेना. खारट, आंबट, गोड, तिखट एवढं जिभेला समजायचं, त्यापुढे काही नाही. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कधी ते सांगता येत नाही. मी हे कुणालाच बोलले नाही. पन्नाशीला टेकलेली, वास न येणारी स्वयंपाकीण कोण ठेवून घेईल? नोकरीबरोबर खोलीही गेली असती, आणि मला दुसरं घर नाही.

मग मी वजनकाटा काढला. जुन्या वहीत लिहिलं होतं तेवढंच आलं, तेवढाच गोडा मसाला, चिमूटभरही इकडचं तिकडे नाही. मोहरी कानानं ओळखायची, कांदा डोळ्यानं, बाकी सगळं घड्याळावर. ताटं रिकामी होऊन परत येत होती. तरी दर शनिवारी भिंतीशी उभी राहून मी एकाच घासाची वाट बघायचे. कुणीतरी तो तोंडात घालेल, थांबेल आणि माझ्याकडे बघेल. तसं कुणी बघितलंच नाही. सुरुवातीला हायसं वाटलं. पुढेपुढे त्याचंच वाईट वाटायला लागलं.

आमच्याकडे पाहुणे बसले की टेबलाशी उभं राहून मेन्यू सांगायची पद्धत आहे. कुठला पदार्थ, कुठून आला, कसा केला. पूर्वी मी दोन वाक्यांत उरकायचे. वास गेल्यापासून माझं बोलणं मात्र चांगलंच फुललं. कोथिंबिरीबद्दलसुद्धा मी अशी बोलायचे, की मॅडम कौतुकानं पाहुण्यांकडे बघायच्या.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी दुपारच्या जेवणाला मी 'मुळशीचा आंबेमोहर, साधं वरण, लोणकढं तूप' असा मेन्यू दिला होता. तांदूळ महाळुंग्याच्या एका झकपक दुकानातून आणलेला, कापडी पिशवीतला. पिशवीवर बैलजोडीचं चित्र. टेबलावर आठ माणसं होती. मी म्हणाले, "हा शिजायला लागला, की आंब्याला मोहर आल्यासारखा वास घरभर सुटतो. आत्ता येतोय तोच." आठही जणांनी खोल श्वास घेतला. एका गृहस्थांनी तर डोळे मिटले आणि "अप्रतिम" म्हणाले.

जेवणं झाल्यावर मी आत आले. शनिवार-रविवार भांडी घासायला गावातल्या एक मावशी येतात. बंगल्याखालची जमीन एके काळी त्यांच्याच घरची, आणि माळाच्या पलीकडे दोन भातखाचरं त्यांनी अजून राखलेली आहेत. कामाआधी त्या चार घास खातात. त्यांनी ताटलीत भात घेतला, एक घास तोंडात घातला, थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, ह्यो आंबेमोहर न्हाई."

"पिशवीवर लिहिलंय, मावशी."

"पिशवीवर लिव्हलं आसंल. ह्याला वासच न्हाई. तुमी भाईर सांगत व्हता ते ऐकलं मी."

सर्दी झालीय म्हणून सांगता आलं असतं. तोंडात तेच आलं होतं. पण पाच महिने ज्या घासाची वाट बघितली तो समोर आल्यावर माझ्यानं खोटं बोलवेना. मी म्हणाले, "मला वास येत नाही. थंडीतल्या तापापासून कशाचाच येत नाही."

मावशींनी ताटली धुतली. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "शिमग्याच्या आदी तुमी नासल्यालं दूध हुंगलं आन परत फ्रिजमंदी ठिवलं. मी वतून दिलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी न्हाई बोल्ला. मंग मी कशाला बोलू?"

त्या भांड्यांकडे वळल्या आणि मी तिथंच स्टुलावर बसले. मला रडू आलं आणि रागही आला. मला वास येत नव्हता म्हणून मी तोंडाला येईल ते बोलले. पण त्या आठ जणांची नाकं धडधाकट होती. बोलाचा भात त्यांच्यापुढे वाढला आणि त्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला. इतके महिने मी उगाच घाबरत होते. माझं काय गेलंय हे त्या टेबलावर कुणाला कधी कळणारच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी मेन्यू लिहीत असताना मावशी आल्या. त्यांचा तो कामाचा वार नव्हता. पदराखालून एक पुरचुंडी काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. "घरचा हाय. इकायला न्हाई लावत आमी, खायापुरताच," म्हणाल्या. चहालाही थांबल्या नाहीत, घरी म्हैस सोडायची होती. मी लगेच तांदूळ धुऊन गॅसवर ठेवला. घाई असूनही मावशी अंगणात वाळत घातलेली पायपुसणी गोळा करत रेंगाळल्या, मग निघाल्या.

उकळी आल्यावर मी झाकण काढलं. वाफ तोंडावर आली, ओली आणि गरम. बाकी काही नाही. मावशी फाटकाबाहेर पोचल्या होत्या. तिथं त्या थांबल्या, वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आला बरं का ताई. हितपत्तूर आला."

मी खिडकीतून हात केला. त्या माळ चढायला लागल्या. मी भांड्यावर वाकून तोंड वाफेत धरून राहिले, कदाचित येईल म्हणून. बराच वेळ. घड्याळ लावायचं विसरले होते. मग पान वाढून घेतलं तेव्हा भाताच्या तळाशी काळं दिसलं. करपल्याचा वास फाटकापर्यंत गेला असणार. पण फाटकात आता कुणी नव्हतं.