दादाच्या इंजिनाचा मिस्त्री

काटोलच्या रस्त्यावर इंजिन जाम होऊन दादाचा ट्रक थांबला. दादा खाली उतरला आणि मागून आलेल्या गाडीने त्याला उडवले.

ते झिजलेले इंजिन सक्करदऱ्याच्या मिस्त्रीने दोनदा खोलून पुन्हा बांधले होते. मिस्त्री बोलताना माणसाकडे बघत नसे. पान्याचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावून तो डोळे मिटून ऐकत राही, मग तोंडात तंबाखूचा खर्रा टाकून निकाल सांगे.

"तुह्या म्हातारीले आता पेन्शन दे गा," तो इंजिनावर पाना ठोकत दादाला म्हणे.

"एवढा संत्र्याचा हंगाम काढून दे न, मिस्त्री," दादा हसून म्हणे. आणि मिस्त्री डागडुजी करून तो हंगाम काढून देई.

तेरवीनंतर मी वहिनीला घेऊन त्याच्याकडे गेलो. पुढे घर त्या ट्रकवरच चालणार होते. इंजिन उतरवून जमिनीवर ठेवलेले होते.

"दुसरं इंजिन टाका, बाई," तो म्हणाला.

"यांचा जीव होता त्याच्यात. हेच बांधून द्या न, भाऊ."

त्याने इंजिनावर हात ठेवला. "मले कोणाले नाही म्हणता येत नाही, बाई. तुमच्या मालकालेही म्हणता नाही आलं."

मग त्याने घण उचलला आणि इंजिनाचा बिडाचा सांगाडा आमच्यासमोर फोडून टाकला. वहिनी किंचाळली. तो थांबला नाही.

ट्रक आता दुसऱ्या इंजिनावर काटोलला जातो. वहिनी मिस्त्रीचे नाव घेत नाही. त्याच्या गॅरेजवर मी एकटाच जातो.