मी त्याला उंट म्हटलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — ह्यांनासुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतेय? तेही धड कळत नाही.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचं. प्रकाशा गावी सासरी येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. ह्यांची विधवा धाकटी बहीण, सोना, डोळ्यांनी अधू होत चालली होती, म्हणून उपचाराला तिला मुंबईला नेलं. पट्टी सुटली, तिला लख्ख दिसू लागलं, आणि हे आम्हा दोघींना राणीच्या बागेत सोडून कापसाच्या कामाला गेले.

आणि तिथे — काय सांगू? कुंपणापलीकडे एक जनावर उभं होतं. आधी नुसते पायच दिसले. मग मान — वर, आणखी वर, पार चिंचेच्या शेंड्यापर्यंत. अंगावर भेगाळलेल्या काळ्या रानासारखी नक्षी. आफ्रिकेतलं आहे, एवढंच रखवालदार म्हणाला. त्या जनावराने वाकून आमच्याकडे पाहिलं, आणि माझा पदर कधी घसरला मला कळलंच नाही. सोना रडत होती. देवाने हे दाखवायलाच डोळे परत दिले म्हणाली. मीही हात जोडले. तेवढं मोठं काही मी पुन्हा पाहिलं नाही.

गावी परतलो तेव्हा बिबड्यांचे दिवस होते. ज्वारीचं पीठ शिजवायचं, आळीतल्या बायांनी मिळून ओल्या फडक्यावर पापडासारखं थापायचं, आणि गप्पा. सोनाने त्या जनावराचं सांगितलं — पिठाचे हात उंच करकरून. बाया पोट धरून हसल्या. हिचे डोळे काही सुधारले नाहीत, सासूबाई म्हणाल्या. तशी सोना माझ्याकडे वळली.

"वहिनी, तू सांग ना यास्ले."

आत्ता कुठे त्या बाया मला आपल्यात धरू लागल्या होत्या. मीही खुळ्यात जमा होऊ? — एवढंच मनात आलं. खाली बघत मी म्हणाले, "उंट व्हता तो."

गुजरातेतले उंटवाले गावात यायचेच. सगळ्यांना पटलं.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढे तिने काहीही पाहिल्याचं सांगितलं, की आळी उंटावरून तिची थट्टा करायची. हळूहळू ती सांगेनाशी झाली.

बऱ्याच वर्षांनी माझ्या लेकीने शाळेच्या पुस्तकातलं चित्र तिच्यापुढे धरलं. तीच मान, तीच नक्षी. सोना कितीतरी वेळ बघत राहिली. मी समोरच डाळ निवडत होते.

"माले बी असंच दिसनं व्हतं एकदाव," ती लेकीला म्हणाली. "पन ते खरं नव्हतं, बेटा. मन्हा डोया खराब व्हतात."

तिचे डोळे चांगले होते. मला ठाऊक होतं. मी डाळ निवडत राहिले.