दाराला साखळी, प्रयोग चालू

माझ्या आत्याला कोंडलं गेलं. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या प्रयोगाच्या दुसऱ्या अंकात, तिकीट काढून आलेल्या बाईला, 'बाहेर' असं लिहिलेल्या दाराशी. याला अपघात म्हणू नका. अपघात होण्याआधी कुणी साखळी आणून तिला कुलूप घालत नाही.

आम्ही जुईनगरला राहतो. बाबा मार्केटात माथाडी, मूळ साताऱ्याकडचे. आत्या ही त्यांची थोरली बहीण, आमच्यातच असते. लोक देवळं करतात तशी या दोघांनी नाट्यगृहं केली. दादर, गिरगाव, परळ, ठाणे. सुट्टी मिळाली की निघाले. नाटक कुठलंही चालायचं, वास्तू बघायची असायची. आधी इमारतीला बाहेरून एक चक्कर, मग पायरीला हात लावून नमस्कार, मग आत. लहानपणापासून मला सोबत न्यायचे आणि नियम एकच होता: पडदा वर गेला की अंक संपेपर्यंत उठायचं नाही. आत्या तर बाबांहून कडक. तिला दमा आहे, पण उबळ आली की पदराचा बोळा तोंडात. "ती माणसं तिथं जीव तोडून काम करत्यात, आन् आपण खोकत बसायचं व्हय?"

त्या रविवारी लांब गेलो नाही. खाडीच्या अलीकडचंच नाट्यगृह. नाव लिहीत नाही, कारण एकाचं नाव लिहिलं की बाकीचे निर्धास्त होतात.

बाबांची चक्कर त्या दिवशी पुरी झाली नाही. बाजूच्या बोळात जुने सेट रचले होते. लाकडी जिने, थर्माकोलचे खांब, वर ताडपत्री. बोळ पार बुजलेला. "हितनं माणूस जायचा कसा?" बाबा म्हणाले आणि माघारी वळले. आम्हीही वळलो. तिसरी घंटा व्हायची होती.

नाटक भुताखेताचं होतं. पहिल्या अंकात यंत्रातून धुकं सोडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या अंकात, ऐन शांत प्रसंगात, उजव्या विंगेतून पुन्हा धूर आला. पुन्हा टाळ्या. पण हा धूर खाली बसत नव्हता, वर चढत होता. आणि त्याला वास होता, जळक्या वायरीचा.

मी बाबांच्या कानात म्हटलं, "हे नाटकातलं नाहीये."

"बस गं गुमान. मागच्यांना दिसत न्हाई."

आत्या खोकायला लागली. मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, खोकायचं तर बाहेर जाऊन खोका ना. आम्हीपण पैसे भरलेत." आत्या शरमली. आयुष्यात पहिल्यांदा ती चालू अंकात उठली आणि वाकून, कुणाच्या आड येऊ नये म्हणून जवळजवळ रांगत, लाल दिव्याखालच्या दाराकडे गेली. दारापुढचा जाड काळा पडदा हलला आणि ती त्याच्यामागे दिसेनाशी झाली.

दार उघडल्याचा उजेड काही आला नाही. मी वाट पाहिली. पडदा पुन्हा हलला, खालच्या बाजूने, आणि थांबला.

मी धावले. आत्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. छातीतून नुसती शिट्टी वाजत होती. दम्याचा पंप हातातून निसटून कुठे गेला होता, अंधारात सापडेना. दाराच्या कड्यांतून साखळी ओवून कुलूप घातलेलं.

"आत्या, दार वाजवायचं ना."

तिने मान हलवली. तुटक तुटक म्हणाली, "खेळ... चाललाय... की."

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. प्रेक्षागृहातून काय आलं ठाऊक आहे? "शूऽऽ."

शेवटी रंगमंचावरच्या नटीनेच वाक्य अर्ध्यात तोडलं आणि विंगेकडे बघून ओरडली, "पडदा टाका." मग सगळे उठले. किल्ली डोअरकीपरच्या खिशात होती आणि डोअरकीपर चहाला गेला होता. मी आणि बाबांनी आत्याला उचललं आणि उठलेल्या गर्दीतून उलटं, मागच्या मुख्य दाराने बाहेर काढलं. आग म्हणाल तर किरकोळ, वाळूच्या बादलीने विझली. आम्ही रिक्षा शोधत होतो तेव्हा आत पुन्हा घंटा झाली. लोक आपापल्या जागेवर जाऊन बसले. साखळी तशीच.

आत्या वाचली. पण ऑक्सिजन लावावा लागला, आणि आता ती एक जिना चढली तरी कठड्याला धरून उभी राहते. एक वाक्य सलग बोलता येत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, असा धूर पुन्हा छातीत गेला तर सांगता येणार नाही.

मी व्यवस्थापकाकडे गेले. बाबांच्या युनियनची पत्रकं बेलापूरच्या ऑफिसांबाहेर वाटताना असली उत्तरं खूप ऐकलीत, तरी डोकं फिरलंच.

"मॅडम, मध्यंतरात फुकटे घुसतात, म्हणून साखळी. आणि त्यांना आधीपासून दमा होता ना?"

"होता. साखळी पण दम्यामुळेच लावलीत?"

"टेन्शन घेऊ नका. चहा घेणार?"

त्यानंतर मी आणखी नाट्यगृहं पाहिली, या वेळी फक्त दारांसाठी. एका ठिकाणी दाराला कपाट टेकवलेलं. एका ठिकाणी दार उघडलं, तर पुढे रचलेल्या खुर्च्या. तिथेही आत प्रयोग चालू होते. माणसं हसत होती.

परवा जेवताना आत्या म्हणाली, "एकदा... जाऊन येऊ रे. तितंच." बाबांनी पुढच्या रविवारची तिकिटं काढून आणली. मी भांडले. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "तिला दुसरं काय ऱ्हायलंय?" ती जाणार. काल मी पुन्हा जाऊन आले. साखळी आहे.

पत्रक काढलं, अर्ज दिला, पोच घेतली. साखळी त्याने निघत नाही. ती तुमच्यामुळे निघेल, कारण तुम्ही तिकीट काढता. तेव्हा तुम्ही ज्या नाट्यगृहात जाल तिथे, तिसऱ्या घंटेच्या आधी उठा आणि बाहेरचं दार हाताने ढकलून बघा. उघडलं नाही, तर खाली बसू नका, शेजाऱ्यालाही उठवा, आणि साखळी निघेपर्यंत पडदा वर जाऊ देऊ नका.