जरा आवाज होईल, माफ करा

सोलापूरपासून बार्शीपर्यंत आणि अक्कलकोटपासून पंढरपूरपर्यंत माझ्या मावसभावाइतका लाजणारा माणूस दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही देवळात उभं राहून सांगायला तयार आहे. माणसं मुलगी बघायला गेल्यावर लाजतात, फार तर फोटो काढताना लाजतात. हा गडी एस्टीत खिडकीजवळची जागा मिळाली तरी लाजायचा आणि शेजारच्याला विचारायचा, "तुमाला पाहिजे का?" शिंक आली तर तोंडावर टॉवेल दाबून गल्लीच्या टोकाला पळायचा. आणि अशा माणसाने सगळ्या दुनियेतलं काय निवडावं? तर ड्रम! तोही रॉक बँडमधला! त्याच्यापायी आम्हाला किती गावांत मान खाली घालावी लागली म्हणून सांगू! आज पन्नास वर्षांनी नुसतं आठवलं तरी माझे कान गरम होतात.

तो माझ्यापेक्षा थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो, आणि मी म्हणायचो म्हणून सगळा बँड म्हणायचा. बँड म्हणजे शुक्रवार पेठेतली आम्ही चार पोरं. मी गाणारा, पक्या आणि सलीम गिटारवाले, आणि दादा. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमचे केस खांद्यापर्यंत आलेले, बेलबॉटमने निम्मी पेठ झाडून निघायची, आणि माझे वडील रोज सकाळी विचारायचे, "न्हावी गाव सोडून गेला का रे?" रेडिओला कान लावून आम्ही इंग्रजी गाणी उतरवून घ्यायचो. निम्मे शब्द कळायचे, उरलेले मी माझ्या मनाने घालायचो, आणि मोहोळ-वैरागकडे त्यावर कधी कुणी हरकत घेतली नाही. बँडचं नाव होतं 'ब्लॅक थंडर'. पेंटरकडून ते मोठ्या ड्रमवर झोकात लिहून घेतलं होतं. प्रवासात दादा त्यावर टॉवेल टाकायचा. का, तर लोक वाचतील.

आमचे दौरे व्हायचे ते चादरींवर बसून. दादा एका चादरीच्या दुकानात कामाला होता आणि दुकानाचा टेम्पो गावोगावच्या व्यापाऱ्यांना माल पोचवायला जायचा. त्याच टेम्पोत गठ्ठ्यांवर आम्ही, आमच्यावर गिटारी, आणि सगळ्यांच्या वर तो ड्रम. दुपारी माल उतरवायचा आणि संध्याकाळी कुठल्या तरी जत्रेत नाहीतर गॅदरिंगमध्ये कार्यक्रम ठोकायचा. दादाच्या घरी सांगितलेलं असायचं की तो चादरी पोचवायला गेलाय, आणि ते खोटंही नव्हतं. बेलबॉटमवरून तो ढगळ पायजमा चढवायचा, केस गांधी टोपीत कोंबायचा आणि पेठेतून एखाद्या सोसायटीच्या चेअरमनसारखा बाहेर पडायचा. अक्कलकोटला एकदा टोपी काढायची राहिली. दणादण वाजवणाऱ्या त्या टोपीला बघून लोक इतके हसले की पक्या गिटार वाजवायचं थांबवून विंगेत जाऊन बसला. लाजेने त्याचं तोंड रडवेलं झालं होतं.

हे असं का, ते कळायला मावशीचं घर बघायला हवं. गिरणीच्या चाळीत दोन खोल्या. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गिरणीच्या विणकाम खात्यात. वर्षानुवर्षं तिसरी पाळी. रात्रभर मागांच्या खडखडाटात उभं राहायचं आणि सकाळी येऊन, भाकरी खाऊन झोपायचं. त्यामुळे सगळ्या चाळीत जेव्हा धुणी आपटत असत, पोरं बोंबलत असत, तेव्हा मावशीच्या घरात मात्र भांडंसुद्धा फडक्यावर ठेवलं जाई. नळाची धार वाजू नये म्हणून बादलीत कापड सोडलेलं असे. पोरं खुणेने बोलत. दादाने सगळे पाढे नुसते ओठ हलवून पाठ केले. एकदा त्याच्या हातून तांब्या पडला, तेव्हा मावशीने मारलं नाही की रागावली नाही, नुसतं काकांच्या खाटेकडे बोट दाखवलं. दादा त्या दिवशी जेवला नाही. काका उठले की गॅलरीत बसून गिरणीतली माणसं बोलतात तसं दणकून सांगायचे, "आमच्या घरात आवाज म्हणून न्हाय!" त्या घरात हा पोरगा गुंडाळलेल्या गादीवर बोटांनी ताल धरायला शिकला. आवाज न करता. कॉलेजात मी त्याला बाकावर तसा वाजवताना पाहिलं आणि सरळ ओढून बँडमध्ये आणलं. ते माझं चुकलं असं पक्या पुढे कित्येक वर्षं म्हणत होता.

कारण कुठल्याही गावात पोचलो की आम्ही चहा शोधायचो आणि दादा घरं शोधायचा. मंडपाच्या आसपासचं एकेक दार वाजवून, हात जोडून सांगायचा, "संध्याकाळी जरा आवाज होईल. माफ करा. घरात कुणी आजारी हाय का?" अहो, रॉक बँड! ज्याने गाव हादरवायचं, तो घरोघर माफी मागत फिरतोय! लोकांना पहिल्यांदा वाटायचं, कुठल्या तरी पक्षाचा उमेदवार आहे. मग म्हणायचे, "या की, बसा. च्या घ्या." नाही म्हणायची त्याला लाज, त्यामुळे प्रत्येक दारी चहा. पोटात नुसता चहा डुचमळत तो परत यायचा आणि गावची खबर आणायचा. अमक्याची गाय आजच विणार आहे, तमक्याच्या पोराची उद्या परीक्षा आहे. मोहोळला त्या गाईसाठी आम्ही स्टेज चक्क उलटीकडे फिरवलं आणि लोकांना सतरंज्या उचलून पलीकडे जाऊन बसावं लागलं. सलीम कपाळाला हात लावून म्हणाला, "क्या यार दादा, अब गाई-म्हशींको पूछके बजाना क्या?" दादा म्हणाला, "तिची पहिलीच वेळ हाय रे."

आणि वाजवायचा कसा म्हणाल, तर दैवी! हात नुसते दिसेनासे व्हायचे. पण मोठा दणका दिला की पुढच्याच क्षणी तोंडातून निघायचं, "माफ करा!" माईक जवळच असायचा. माझं इंग्रजी गाणं चाललेलं, आणि दर कडव्याला मागून स्वच्छ मराठीत "माफ करा". बार्शीच्या पोरांना वाटलं, गाण्यातच आहे ते. पुढच्या गाण्याला सगळा मंडप एका सुरात ओरडला, "माफ करा!" मी स्टेजवर उभा, गळ्यात मोठाले मणी, आणि धरणी दुभंगावी असं वाटत होतं.

तरी आमचं नाव झालं. इतकं, की पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलचे मॅनेजर आमचा बँड ऐकायला वैरागच्या जत्रेत यायचे ठरले. त्यांची सासुरवाडी बार्शीला. आवडलं तर पुण्याला कायमचं काम, राहायला खोली, आणि चादरींवरून सुटका. आम्हा चौघांचं सगळं त्या एका संध्याकाळवर येऊन ठेपलं होतं. पक्याने दादाला दम भरला, "आज माफी मागितलीस तर बघ!" दादाने मान हलवली. मात्र तो घरोघर गेलाच, कारण ते स्टेजच्या आधीचं होतं.

मंडपाला लागूनच एक घर होतं. कट्ट्यावर पाठमोरं कुणी तरी पान लावत बसलेलं. दादाने हात जोडून सुरुवात केली, "संध्याकाळी जरा आवाज..." आणि तो माणूस वळला. ते काका होते! त्यांच्या चुलतभावाचं घर ते, आणि ते जत्रेला म्हणून रजा टाकून आलेले. दादा फुलाफुलांच्या शर्टात, केस मोकळे, हात जोडलेले. मी लांबून बघत होतो. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दादाने पुटपुटत सगळं कबूल केलं असावं, कारण त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. काका शांतपणे ऐकत होते. मग मोठ्याने म्हणाले, "बरं बरं. येतो की."

दादा परत आला तो पांढराफटक. "बाबा येणार हायत," म्हणाला. "रागावले न्हाईत."

संध्याकाळी काका खरंच आले. पाहुणे म्हणून त्यांना मानाने पहिल्या रांगेत खुर्ची दिली, नेमकी लाउडस्पीकरच्या कर्ण्याखाली. पलीकडच्या टोकाला सफारी घालून मॅनेजर. आम्ही सुरू केलं. दादा त्या दिवशी जसा वाजवत होता तसं मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. जन्मभर गादीत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढत होता. एकदाही माफ करा नाही! मॅनेजर पायाने ताल धरून होते, पक्या मला डोळे मिचकावत होता. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी दादाने असा काही दणका दिला की मंडपाच्या कनातीवरची चिमणी उडाली. आणि मग त्याने भीत भीत मान वर करून वडिलांकडे बघितलं.

काका झोपले होते. कर्ण्याच्या तोंडाखाली, मान मागे टाकून, तोंड उघडं, तान्ह्या पोरासारखे गाढ. मागून कुणी तरी खिदळलं, "म्हातारं बहिरं हाय का काय!" हसू रांगारांगांतून पसरत गेलं. शेजारच्याने कोपराने ढोसलं तसे काका दचकून जागे झाले, लोक का हसतायत ते न कळून इकडेतिकडे बघत स्वतःही कसंनुसं हसले, आणि परत त्यांचा डोळा लागला.

मी पुढचं गाणं उचललं. मागून ड्रमच येईना. वळून बघतो तर दादाने काठ्या खाली ठेवलेल्या, ड्रमवर आपला टॉवेल पसरलेला, आणि तो बोटांनी वाजवतोय. गादीवर वाजवायचा तसा, जेमतेम ऐकू येईल इतकंच. मी डोळे वटारले, पक्याने लाथ दाखवली. हा ढिम्म! शेवटी नाइलाजाने आम्हीही आवाज उतरवला. सगळा कार्यक्रम अंगाई म्हटल्यासारखा झाला. हळूहळू पोरं पेंगली, बायका पेंगल्या, सरपंचांनीही जांभई दिली, आणि हसणं बंद झालं. मॅनेजर उठले, मला म्हणाले, "भजनी मंडळ चांगलं आहे तुमचं," आणि निघून गेले. त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यक्रम संपल्यावर काका जागे झाले, स्टेजपाशी आले आणि चारचौघांत दणक्या आवाजात म्हणाले, "चांगलं वाजीवलंस. कुणाला काय तरास न्हाय." दादा त्यांच्या पाया पडला.

टेम्पोत बसल्याबरोबर मी त्याच्यावर तुटून पडलो. "अरे, वाटोळं केलंस आमचं! कशापायी?" दादाने आधी टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाला, "बाबांना ऐकू येत न्हाय रे. मला आज कळलं. येवढ्या आवाजात झोपलेला माणूस बघून लोक हसायला लागले. आवाजच कमी केला, तर झोप लागण्यात हसण्यासारखं काय हाय?" आणि आमच्याकडे बघून हात जोडून म्हणाला, "माफ करा." सलीमने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर मावशीकडे गेलो. काका वैरागलाच राहिले होते, खाट रिकामी होती, तरी आम्ही सवयीने कुजबुजतच होतो. दादाने सगळं सांगितलं. मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठावं हाय की. मागांनी कान खाल्लं त्यांचं. लई वर्सं झाली."

"मग आपण का गप बसतो, आई?"

"आदी झोपंसाठीच व्हतं. पर आता तुमी बोलाय-हसाय लागलासा, तर त्यांना दिसंल न्हवं, आपल्याला ऐकू येत न्हाय ते. घरच गप असलं म्हंजी त्यांना काय चुकल्यागत वाटत न्हाय." आणि तिने सुपातला खडा उचलून बाजूला ठेवला, तोही आवाज न करता.

ज्याच्या लाजाळूपणाची मी गावोगाव लाज बाळगली, तो बापाचं हसू होऊ नये म्हणून भर मंडपात स्वतःचं हसू करून घ्यायला लाजला नव्हता, हे मनात आलं आणि मला माझ्या गळ्यातल्या मण्यांची लाज वाटली.

पुढे बँड मोडला. पक्या रेल्वेत चिकटला, सलीमने दुकान टाकलं. दादा चादरींतच राहिला. काकांना ऐकू येत नाही हे त्याने त्यांना शेवटपर्यंत जाणवू दिलं नाही, आणि घरातलं कुजबुजणंही सोडलं नाही.

काका जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मावशीही नाही. परवा सोलापूरला गेलो तेव्हा चाळीतल्या त्याच दोन खोल्यांत दादाकडे डोकावलो. केस गेलेत, टोपीत कोंबायला काही उरलं नाही. आम्ही बोलत बसलो होतो, तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. दादा अर्धवट उठला, जिथे काकांची खाट असायची त्या कोपऱ्याकडे बघून पटकन म्हणाला, "माफ करा." मग माझ्याकडे बघून लाजला आणि खाली बसला. चहा संपला होता. मी कप जपून बशीत ठेवला आणि उठलो.