दोन विहिणी, एक बेट

चारोटी नाक्यावर आमची गाडी थांबली तेव्हा विहीणबाई आधीच येऊन उभ्या होत्या. नवी कोरी बॅग, पायात पांढरे बूट आणि हातात नागलीच्या भाकऱ्यांचं गाठोडं. तलासरीच्या डोंगरातल्या त्यांच्या पाड्यावरून जीपभर माणसं पोचवायला आली होती. मी चिखल्याहून एकटीच निघाले होते, ड्रायव्हर सोडला तर.

त्यांचा नितीन माझा जावई. मालदीवमधल्या एका लहानशा बेटावरच्या रिसॉर्टमध्ये तो स्वयंपाकघरात काम करतो. तिथल्या कामगारांना घरच्या माणसांना सवलतीत बोलावता येतं. माझ्या लेकीला, अश्विनीला, रजा मिळेना. आमच्या ह्यांना चिकूची वाडी सोडवेना आणि व्याही विमानात बसायला तयार होईनात. उरलो आम्ही दोघी. मुलांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, तरी आमचं बोलणं 'बऱ्या आहात ना'च्या पुढे कधी गेलं नव्हतं.

विमान खाली यायला लागलं तशी विहीणबाईंनी माझी बाही ओढली. निळ्या पाण्यात कुणी तांदळाचं धुवण ओतावं तशी पांढरी-हिरवी कडी खाली पसरली होती. प्रत्येक कड्यात एक-दोन बेटं. "एवढ्याशा जागेवर माणसं राहतात?" त्या म्हणाल्या. "आमचं खळं याच्याहून मोठं असेल."

विमानतळावरून पुढे स्पीडबोट. तिने लाटांवर अशा उड्या मारल्या की मी बोटभर लोकांसमोर ओकले. माझ्या घरामागे समुद्र आहे, लाटांचा आवाज ऐकत मी वाढले. विहीणबाईंनी माझं कपाळ धरलं, पाण्याने तोंड धुतलं आणि अगदी काळजीने विचारलं, "तुम्ही समुद्राकाठच्याच ना?"

धक्क्यावर नितीन उभा होता. पांढरा कोट, डोक्यावर टोपी. त्याने आधी आईला वाकून नमस्कार केला, मग मला. शेजारी त्याचे साहेब उभे होते, पण त्याला संकोच वाटला नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

बेट खरंच लहान. भात शिजायला घालावा आणि चालायला निघावं, शिट्या होईपर्यंत प्रदक्षिणा पूर्ण. माडाची झाडं, पांढरी वाळू, झावळ्यांच्या छपरांची घरं. सकाळी न्याहारीला मस हुनी (कुपा मासा, ओलं खोबरं, कांदा आणि मिरची कालवलेली) आणि रोशी (पातळ पोळी). चव ओळखीची निघाली. विहीणबाई ती नागलीच्या भाकरीबरोबर खायच्या आणि वाढणाऱ्यांनाही तुकडा द्यायच्या.

तिसऱ्या दिवशी मात्र मला बेट खायला उठलं. शेजारच्या घरात वापीचे एक शेठ आणि त्यांच्या पत्नी हंसाबेन उतरल्या होत्या. आमच्या भागातल्या माणसाला गुजराती काही परकी नाही, गप्पा जमल्या. शेठ वैतागले होते. "बे आंटा मार्या ने टापू खतम," ते म्हणाले. (दोन फेऱ्या मारल्या की बेट संपलं.) "मग करायचं काय? बसून पाणी बघायचं?" मीही बोलून गेले, "पाणी तर आमच्याकडेही आहे. लेकीने इथे येऊन काय करावं, तेच कळत नाही."

मागे विहीणबाई उभ्या होत्या. त्या वळून आत गेल्या. मी गेले तर खाटेवर पाठ करून बसलेल्या.

"अश्विनीला तुम्ही येऊ देणार नाही," त्या म्हणाल्या.

गोष्ट खरी अशी होती की रिसॉर्टमध्ये अश्विनीलाही नोकरी मिळत होती आणि दोघांना एकत्र राहायला खोली. नाहीतर नवरा-बायकोची भेट वर्षातून एकदा. "आई, तू बघून ये आणि सांग," असं लेक म्हणाली होती. विहीणबाईंनाही ते ठाऊक होतं.

"मी अजून ठरवलं नाही," मी म्हणाले.

"तुम्ही व्हरांड्यात बसून ठरवताय. पाण्यात पाय तरी घातला का?"

दुपारी त्या मला नितीनचं स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेल्या. भट्टीची धग, भांड्यांचा खणखणाट, आणि त्यात नितीन शांतपणे चार माणसांना चार भाषांत कामं सांगत होता. कामगारांच्या खोल्या बेटाच्या मधोमध, झाडांच्या मागे. तिथून समुद्र दिसत नाही. मी विचारलं तेव्हा नितीनने काही लपवलं नाही. "पाहुण्यांचं बेट वेगळं आणि आमचं वेगळं, आई. पण माझं मला आवडतं. काम मोठं आहे, माणसं चांगली आहेत. अश्विनी आली तर घर होईल." रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

सकाळी मी स्वतःच म्हणाले, "चला पाण्यात."

पाण्यात न उतरण्याचं खरं कारण कंटाळा नव्हतं. लहानपणी चिखल्याला एका लाटेने मला पाय धरून ओढलं होतं, तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी मी येऊ दिलं नाही. आमच्या समुद्राचा तळ दिसत नाही म्हणून भीती, असं मी समजत होते. इथे तळ लख्ख दिसत होता आणि भीती दुप्पट झाली.

शिफा नावाची तिथली मुलगी पाहुण्यांना पाण्यात नेते. तिने तोंडावर काच बांधली, तोंडात नळी दिली, अंगात फुगवलेलं जाकीट घातलं. "आंटी, तैरना नहीं है. बस लेटना है." विहीणबाई डोंगरातल्या नदीच्या डोहात पोहायला शिकलेल्या. सलवार खोचून त्या केव्हाच पाण्यात उतरल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. "मी धरते. तुम्ही सांगितल्याशिवाय सोडणार नाही."

पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं, मी उभी राहिले, रडकुंडीला आले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी डोळे उघडे ठेवले.

खाली बाग होती. जांभळ्या फांद्या, पिवळे गड्डे, त्यांतून निळ्या-केशरी माशांचे थवे. एक कासव आमच्याकडे न बघता संथपणे गेलं. मग तीन मुशी, म्हणजे लहान शार्क, आल्या, हातभर लांब, पंखाला काळं टोक. आजवर मुशी मी फक्त कालवणात पाहिली होती. ती जिवंतपणी इतकी देखणी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे बाग एकदम संपली आणि खाली नुसती गर्द निळाई, तळ नाहीच. माझं काळीज धडधडलं, पण मी तरंगत होते. बुडत नव्हते. मी विहीणबाईंचा हात दाबला आणि माझा मीच सोडवून घेतला.

वर आलो तेव्हा त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसत होत्या. मीही. मग त्या दिवसापासून आम्ही सकाळ-संध्याकाळ पाण्यात. हंसाबेनही आमच्यामागून आल्या. शेठ मात्र शेवटपर्यंत खुर्चीतच बसले आणि जाताना म्हणाले, "इथे बघायला काही नाही." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दिसलं ते तेवढंच.

परतल्यावर चिखल्याला आमच्या ओटीवर दोन्ही घरची माणसं जमली. मी मुशींबद्दल सांगितलं, विहीणबाईंनी स्वयंपाकघराबद्दल. त्यांना बेट खळ्याएवढं वाटलं होतं, मला न संपणारं. आमचे हे म्हणाले, "तुम्ही दोघी एकाच ठिकाणी गेला होतात ना?"

अश्विनी माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मग मी जाऊ?"

"जा," मी म्हणाले. "मी पाहिलं ते माझं बेट. नितीनचं वेगळं आहे, सासूबाईंचं आणखी वेगळं. तुझं कसं असेल ते तुलाच जाऊन बघावं लागेल. पण चांगल्या माणसाबरोबर बघशील, एवढं मी बघून आले."

विहीणबाईंनी पदराने डोळे टिपले, मग म्हणाल्या, "पण जाण्याआधी हिला कुणीतरी पोहायला शिकवा."

"मी शिकवते," मी म्हणाले.

मी गुडघ्याच्या पुढे पाण्यात जात नाही, हे ओटीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरी हसलं कुणीच नाही.