जिंजीचा बोडका माथा

बाबा दर दिवाळीत अंगणात जिंजी बांधायचे. नागपूरच्या आमच्या गल्लीतली पोरं हाताला येईल तो किल्ला करायची. आमच्याकडे मात्र तीन डोंगर, तिन्हींना कवेत घेणारा तट, त्यांतल्या सर्वांत उंच राजगिरीवर तोफ आणि धान्याचं कोठार. मुघलांची फौज वर्षानुवर्षं पायथ्याशी ताटकळली, हे सांगताना इतिहासाच्या या निवृत्त मास्तरांचा आवाज अजूनही चढतो. पण जिंजी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आमच्या विणकर समाजाची दक्षिणेची सहल निघाली. वाटेत जिंजी होती, म्हणून बाबांनी दुखऱ्या गुडघ्यांना न जुमानता नाव दिलं. सोबत मीही निघाले. सकाळी बस किल्ल्यापाशी थांबली आणि संयोजक उठून उभे राहिले.

"किल्ला चढाले अर्धा दिवस जाईन. मंग कांचीपुरमचं साडीचं दुकान हुकते. ज्याले किल्ला पाह्याचा हाये, त्यानं हात वर करा."

एकट्या बाबांचा हात वर गेला.

"काका, वीस मिनिटं देतो. खालूनच पाहून घ्या."

साड्या! आपल्या घरातले हातमाग भंगारात घालणाऱ्यांना दुसऱ्याच्या मागावरचे काठ चाचपायला अख्खी दुपार हवी होती. किल्ल्याला वीस मिनिटं, त्यातली दहा चहात गेली. बाबा पहिल्या दरवाजाशी मान वर करून उभे होते. हॉर्न वाजला तसे परतले.

घरी आल्यावर भेटेल त्याच्यापाशी मी त्या संयोजकांचा उद्धार केला.

या दिवाळीत बाबांनी पुन्हा जिंजी बांधली. इतकी वर्षं एका ओळीत मांडलेले डोंगर यंदा त्रिकोणात आले. खालचा दरवाजा हुबेहूब. राजगिरीचा माथा मात्र बोडका.

"वर काईच नाही लावलं, बाबा?"

"जे पाह्यलं नाही, ते काहून लावू?"

माझं डोकं पुन्हा फिरलं. म्हाताऱ्या माणसाची एवढी एक इच्छा, तीही पुरवता येऊ नये? लाज कशी वाटली नाही त्या माणसाला? मी तणतणत त्यांच्या चिखलाच्या हातांवर तांब्याने पाणी घालत होते.

"त्याले काहून शिव्या देतेस वं?" बाबा शांतपणे म्हणाले. "मी मागं वळून पाह्यलं होतं. तुहा हात मांडीवर होता."

मी पाणी घालत राहिले. पदर खोचलेला होता. साडी कांचीपुरमची होती.